अर्धी कटिंग

तू आत्ता टॉवेलांच्या टोपलीत झोपली आहेस. डावी मूठ तोंडाशी, उजवा पाय टोपलीबाहेर. दुपारच्या जेवणानंतर तासभर दुकानात कोणी फिरकत नाही. आजोबा आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतात, आणि तेवढ्यात मी हे लिहिते. तू कूस बदललीस की पेन खाली.

तुझ्या मामाबद्दल सैन्याकडून एक कागद आला होता आणि त्यावर एकच ओळ होती: ‘नेमून दिलेल्या जागेवर हजर नसताना मृत्यू.’ बावीस वर्षांचा जिवंत माणूस, आणि त्याची एवढीच एक ओळ. त्या ओळीशी आमचं जे भांडण झालं ते तू मोठी झालीस की तुला कोणीही सांगेल. आपल्या गल्लीत सांगणाऱ्यांना तोटा नाही. पण प्रत्येक जण स्वतःला मधोमध उभं करून सांगेल. किराणावाले काका तर आत्ताच म्हणायला लागलेत की सगळी कल्पना त्यांचीच होती. म्हणून मी आधी लिहून ठेवते.

मामा डावखुरा. घरीदारी सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. आजोबांचं हे दुकान, दोन खुर्च्या, एक लांब आरसा, खिडकीशी बाकडं. आणि त्यांना वाटायचं की दोन्ही मुलांनी हेच शिकावं. मी पटकन शिकले. डावऱ्याची मात्र पंचाईत. साधी कातर डाव्या हातात धरली की केस कापला न जाता दोन पात्यांमध्ये दुमडतो. त्याने पहिली कटिंग केली ती माझी. मी बारा वर्षांची, तो नऊचा. त्यानंतर महिनाभर मी डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेले आणि मैत्रिणींना सांगितलं की मला कान दुखायचा आजार झालाय. आजोबांनी त्याचा हात बदलायचा खूप प्रयत्न केला, शेवटी कंटाळून लोहाराकडून उलट्या पात्यांची कातर घडवून आणली. ती आमच्यापैकी दुसऱ्या कोणालाच चालत नसे.

त्या कातरीनं तो सुंदर काम करायचा, फक्त मानेवरची रेघ सोडून. मागची रेघ त्याची डावीकडे हमखास अर्धं बोट वर चढायची. पोस्टमन म्हणायचा, “मागून बघितलं तरी कळतं, कोण कोण डावऱ्याच्या हातून सुटून आलंय.” आजोबा ओरडले की डावऱ्याचं उत्तर ठरलेलं: “रेघ सरळ आहे बाबा. मान वाकडी आहे.”

आणि तोंड! तोंड कातरीपेक्षा जोरात चालायचं. “केस कापायला आलोय रे, कान किटवून घ्यायला नाही,” असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच खुर्चीसमोर थांबायचं. माझी खुर्ची रिकामी असली तरी.

आता या दुकानाचा एक नियम तुला सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एकदा एक माणूस डोक्याची एकच बाजू कापलेल्या अवस्थेत तणतणत आत आला. चौकात दुसरं सलून आहे, तिथे कटिंग चालू असताना त्याचं भांडण झालं होतं आणि तो उठून निघाला होता. “उरलेलं तुम्ही करा,” म्हणाला. आजोबांनी त्याला बसूच दिलं नाही. हाताला धरून चौकात परत नेलं, आणि त्याचं डोकं पुरं होईपर्यंत दारात उभे राहिले. आल्यावर आम्हा दोघांना म्हणाले, “दुसऱ्याने सुरू केलेलं डोकं आपण हातात घ्यायचं नाही. घेतलं तर त्याचा अर्थ, आधीचा माणूस काम टाकून गेला. एखाद्याबद्दल एवढं वाईट आपण बोलायचं नाही.”

डावऱ्या पुढे कितीतरी दिवस त्यांची नक्कल करायचा. आईने भाकरी अर्धी थापली आणि कोणी मदतीला गेलं, तरी हा मागून ओरडायचा, “खबरदार! तिने सुरू केलीय!” तेव्हा आई होती.

मग लढाई सुरू झाली आणि वयात बसणाऱ्या सगळ्या मुलांना बोलावणी आली. तुझ्या पप्पांना डोळ्यांमुळे सोडलं, ते वीजघरातच राहिले. डावऱ्याचे डोळे उत्तम. “बंदूकसुद्धा उजव्या हाताचीच असते ना?” त्याने विचारलं. “मग माझी गोळीही अर्धं बोट वर जाणार. कोणालाच लागणार नाही. बरंच आहे.” आजोबा हसले नाहीत.

तो गेला त्या सकाळी तू दोन महिन्यांची होतीस. जन्मतःच तुझ्या डोक्यावर एवढं जावळ की सुईण म्हणाली होती, न्हाव्याची नात शोभते. डावऱ्याने मला खुर्चीत बसवलं, तुला माझ्या मांडीवर दिलं, आणि मोठं पांढरं कापड दोघींच्या गळ्याभोवती एकदमच बांधलं. आरशात एका कापडाला दोन डोकी. त्याने उलटी कातर काढली, तुझ्या डाव्या कानावरची एक बट अलगद उचलली आणि कापली.

“झालं,” म्हणाला. “सुरू केलंय मी. आता कोणी हात लावायचा नाही. परत आलो की पुरं करतो.”

“अरे, पण तू कधी यायचास? तोवर पोरीचं काय?”

“नियम म्हणजे नियम, ताई. विचार बाबांना.”

आजोबा मागच्या खोलीत गेले आणि ज्या वस्तऱ्याला कालच धार लावली होती त्याला पुन्हा धार लावत बसले.

त्याची पत्रं यायची. ‘इथे चौतीस डोकी आणि एक कातर. युद्ध मला जमत नाही, पण कटिंगला रांग लागते.’ त्याची नेमणूक टेहळणीवर होती. उंचावरच्या एका खड्ड्यात बसून समोरच्या डोंगरावर नजर ठेवायची. ‘दिवसभर मी त्या डोंगराकडे बघतो. तिथला कोणीतरी माझ्याकडे बघत असणार. त्याचे केस फार वाढलेत असं मला उगाचच वाटत राहतं.’ प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न: ‘पोरीच्या डोक्याला कोणी हात लावला नाही ना?’

सहा महिन्यांनी पत्राऐवजी तो कागद आला. बरोबर एक लहानसं गाठोडं. त्यात त्याचा कंगवा, आमचीच पत्रं आणि उलटी कातर.

‘जागेवर हजर नसताना.’ पहिले दोन दिवस मला त्या शब्दांचा अर्थच लागला नाही. मृत्यू एवढंच दिसायचं. तिसऱ्या दिवशी किराणावाले काका दाढीला बसले, आजोबांनी त्यांच्या गालाला साबण लावला, आणि काका आरशात बघत सांत्वनाच्या सुरात म्हणाले, “जाऊ दे. पोरगेलं वय. घाबरतात. पळावंसं वाटतं माणसाला.”

आजोबांचा वस्तरा थांबला. पण अर्धी दाढी सोडून देणारा माणूस नाही तो. त्यांनी ती पुरी केली, टॉवेल झटकला, दाराला टांगला. आणि त्यानंतर कातर किंवा वस्तरा हातात घेतला नाही. हात थरथरायला लागले होते, ते थांबेनात. मी तुला टोपलीत ठेवून दोन्ही खुर्च्या एकटीने चालवायला लागले. लोक यायचे, पण डावऱ्याचं नाव निघालं की खोकायचे. आमची दारावरची पाटीसुद्धा हळू आवाजात वाचतात असं वाटायचं मला. गावातल्या सैन्याच्या कचेरीच्या बाहेरच्या भिंतीवर लढाईत गेलेल्यांची नावं रंगवायचं काम चालू होतं. त्यात त्याचं नाव नव्हतं.

महिन्याभराने एका सकाळी एक प्रचंड उंच माणूस दारातून वाकून आत आला. एवढा उकाडा, आणि डोक्यावर कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी.

“डावऱ्याच्या ताई ना तुम्ही?” त्याने मोठ्याने विचारलं. त्याला एका कानाने ऐकू येत नव्हतं. “मी लंबू. पत्रात असेन मी.”

होता. ‘लंबूचे केस कापायला मला पेटीवर चढावं लागतं.’

“बसा,” मी म्हटलं. “टोपी काढा.”

त्याने टोपी काढली आणि मी आजोबांना हाक मारली.

डोक्याची डावी बाजू नीट कापलेली, आता थोडी वाढलेली. कानाभोवतीची कड स्वच्छ. उजवी बाजू रानासारखी, कानावर लोंबणारी. मी त्याची मान खाली केली. मागे मधोमधपर्यंत रेघ होती, आणि डावीकडे ती अर्धं बोट वर चढली होती.

आजोबांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. “वाकडी,” एवढंच म्हणाले.

मग लंबूने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला यायचे होते. तुकडीच्या साहेबांनी संध्याकाळच्या आत सगळ्यांचे केस नीट पाहिजेत असं फर्मान काढलं. डावऱ्या तेव्हा टेहळणीवर होता. साहेब स्वतः चढून त्याच्या खड्ड्यापाशी गेले. “तुझ्या जागी दुसऱ्याला बसवतो. तू कातर घे आणि खाली ये.” आडोशाला अंधार होता, म्हणून डावऱ्याने पाण्याच्या टाकीजवळ उघड्यावर पेटी मांडली. अकरा डोकी झाली. बारावा लंबू.

“मी म्हटलं, डावऱ्या, लवकर आटप, इथे आपण भिंतीवरच्या पालीसारखे दिसतोय. तर म्हणतो, ‘हलू नकोस. कान गेला तर बायकोला माझं नाव सांगू नको.’ अर्धं झालं. मग म्हणाला, ‘मान खाली घे, नाहीतर रेघ वाकडी येईल.’ मी मान खाली घेतली. पार छातीपर्यंत. आणि गोळा पडला.” लंबू आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. “मान खाली होती म्हणून मी आहे, ताई.”

पाहणी रद्द झाली. मोठे साहेब आलेच नाहीत. आणि तुकडीच्या साहेबांनी अहवालात लिहिलं की शिपाई आपल्या जागेवर नव्हता.

“इस्पितळात माझं डोकं भादरायला निघाले होते,” लंबू म्हणाला. “मी नर्सला चावलो. खरंच चावलो. दहा दिवसांनी परत हजर व्हायचंय. हे उरलेलं तुम्ही करा ताई. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही.”

मी कातर उचलली. केस ओले केले, कंगवा लावला. आणि मला हात चालवता येईना. आरशात आजोबा माझ्याकडे बघत होते.  मी हे डोकं पुरं केलं तर त्याचा अर्थ एकच होता: आधीचा काम टाकून गेला. म्हणजे कागदावरची ओळ खरी.

“टोपी घाला,” मी लंबूला म्हटलं. “नाही, राहू द्या. असेच चला.”

तुला कडेवर घेऊन मी निघाले आणि तो माझ्या मागून. रस्त्यावरच्या लोकांना एका बाजूने शिपाई दिसत होता, दुसऱ्या बाजूने दरोडेखोर.

कचेरीत कारकुनाने आधी विचारलं की कोणता फॉर्म. मी म्हटलं, अर्ध्या डोक्यासाठी जो असेल तो. कचेरीचे साहेब आतून बाहेर आले. वाईट माणूस नव्हता. झोप न झालेला, टेबलावरच्या कागदांत बुडालेला माणूस. सगळं ऐकून घेतलं.

“केस कापायचा हुकूम लेखी होता का?”

“असला हुकूम लेखी कोण देतं, साहेब?”

“मग तो हुकूम झाला नाही.” ते लंबूकडे वळले. “तो आपल्या जागेवर नव्हता, हे खोटं आहे का?”

लंबू ताठ उभा राहिला. “खोटं नाही, साहेब. पण खरंही नाही.”

“हे बघा बाई, दुःख मला समजतं. पण डोक्यावरचे केस हा पुरावा होत नाही. आणि तू,” पुन्हा लंबूला, “आधी ते डोकं नीट करून घे. या अवताराने ट्रकवर आलास तर शिक्षा होईल.”

“तुम्ही ओळ बदला, मी डोकं पुरं करते,” मी म्हटलं.

“ही धमकी समजू का मी?”

“नाही साहेब. धंद्याचा नियम आहे.”

तेवढ्यात तू कारकुनाच्या टेबलावरचा शिक्का उचलून तोंडात घातलास. जांभळ्या तोंडाने आपण घरी आलो.

दुपारी बाकड्यावर एक मिशीवाला शिपाई बसला होता. रजेवर आलेला, डावऱ्याचा शाळूसोबती. त्याला गल्लीने सगळं आधीच सांगितलं होतं. खुर्चीत बसला आणि म्हणाला, “डावी बाजू कापा, ताई. उजवी राहू द्या.”

“अहो, तुम्हाला परत जायचंय.”

“म्हणूनच.”

मी डावी बाजू कापली. मागची रेघ मधोमध आणून सोडली. दुसऱ्या दिवशी तिघे आले, त्याच्या पुढच्या दिवशी पाच. रजेवरचे सगळे एकाच ट्रकने परत जाणार होते आणि एकेक करून सगळे बाकड्यावर येऊन बसायला लागले. मला एकटीला आवरेना, आणि तू तर त्याच आठवड्यात टोपलीतून बाहेर रांगायला शिकलीस. सगळीकडे केस, आणि केसांत तू. चौथ्या दिवशी आजोबा उठले. बाकड्यावरच्या एकाला बोट दाखवून म्हणाले, “तू इकडे ये.” हात थरथरत होता. त्यांनी कंगवा डोक्याला टेकवून धरला, त्यावर मनगट टेकवलं, आणि हळूहळू कापायला लागले. वेळ लागला. पोरगं श्वास रोखून बसलं होतं.

“जिवंत आहेस ना रे?” आजोबांनी विचारलं. दुकान हसलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

गावात दुसरा विषय नव्हता. एकाची बायको येऊन माझ्याशी भांडली: “डावीकडून ताट वाढलं की नवरा दिसतो, उजवीकडून वाढलं की पोरगं रडतं! किती दिवस चालायचं हे?” मी म्हटलं, कचेरीत जाऊन विचारा. ती खरंच गेली. आणखी दोघींना घेऊन गेली.

मग किराणावाले काका आले. टोपी हातात. डोक्यावर मधे चकचकीत मैदान आणि कडेला झालर.

“आहेत त्यातले अर्धे काढा,” म्हणाले. खुर्चीत बसल्यावर आजोबांकडे न बघता बोलले, “त्या दिवशी मी जे बोललो ना...”

“मान खाली,” आजोबा म्हणाले, आणि कातर चालवली.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी कारकून सायकलवरून चौकातल्या सलूनवाल्याकडे गेला. साहेबांचा निरोप: उद्या सकाळी कचेरीच्या आवारात या, तेवीस शिपायांची डोकी पुरी करायची आहेत. कचेरीचा स्वतःचा न्हावी केव्हाच आघाडीवर गेला होता. चौकातला आणि आजोबा, दोघे वर्षानुवर्षं एकमेकांच्या दुकानावरून मान फिरवून जाणारे. मला वाटलं, संपलं.

चौकातल्याने काय उत्तर दिलं ते कारकुनानेच नंतर सांगितलं. “माझं एक अर्धं गिऱ्हाईक त्याने एकदा हाताला धरून परत आणून दिलं होतं. मी आता त्याच्या पोराचं डोकं पळवू? साहेबांना म्हणावं, तुम्हीच कातर घ्या.”

सकाळी दहाला आम्ही कचेरीत पोचलो तेव्हा आवारात ट्रक उभा होता आणि त्याच्यापुढे तेवीस जण रांगेत. साहेब रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले तेव्हा सगळे व्यवस्थित दिसले असतील. परत वळून येताना नाही. तेवीस जणांना शिक्षा करायची तर ट्रक रिकामा जाणार, आणि ट्रक तर त्याच दिवशी भरून जायला हवा होता.

त्यांनी मला आत बोलावलं. आजोबा आले, तू त्यांच्या खांद्यावर. लंबूही आला. टेबलावर नवा कागद तयार होता.

“मी माझ्या अधिकारात जेवढं होतं तेवढं केलंय,” साहेब म्हणाले. “वाचा.”

‘शत्रूशी शौर्याने लढताना मृत्यू.’

लंबूचं तोंड उजळलं. खरं सांगते, माझाही हात पुढे गेला. केवढी मोठी ओळ. भिंतीवरच्या बाकी सगळ्यांसारखी. कोणी खोकणार नाही, किराणावाले काका फुलं घेऊन येतील. आजोबांनी कागद हातात घेतला, दूर धरून वाचला, आणि कचेरीत आल्यापासून पहिल्यांदा बोलले.

“साहेब, तो लढत होता, तर मग याचे केस कोण कापत होतं?”

उत्तर मला सुचलं. कागद मी टेबलावर परत ठेवला.

“तो लढत नव्हता, साहेब. त्याची गोळी कोणाला लागली नाही आणि लागावी असं त्याला वाटतही नव्हतं. तो केस कापत होता. तसंच लिहा.”

“भिंतीवर लिहू? केस कापताना मृत्यू? बाई, लोक हसतील.”

“हसू देत. तो असता तर सगळ्यात आधी तोच हसला असता. आणि आधी दोन शब्द घाला. हुकुमावरून. तुकडीच्या साहेबांच्या.”

“हे शब्द मला घालता येणार नाहीत.”

“मग आम्ही निघतो.”

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. साहेब खिडकीपाशी गेले. बाहेर बाकीचे बावीस जण उन्हात उभे होते, कोणी हलत नव्हतं. पुन्हा हॉर्न. साहेब येऊन बसले, पेनाचं टोपण काढलं, आणि हाताने लिहिलं. अक्षर चांगलं होतं त्यांचं. ‘तुकडीच्या साहेबांच्या हुकुमावरून, सहकाऱ्याचे केस कापत असताना, कामावर मृत्यू.’ ‘कामावर’ हा शब्द त्यांनी स्वतःहून घातला. मी मागितला नव्हता. कारकुनाने शिक्का मारला. त्यावर तुझ्या चार दातांच्या खुणा होत्या.

मी ती ओळ बाहेर येऊन मोठ्याने वाचली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिशीवाला रांगेतून बाहेर आला, खाली जमिनीवर बसला आणि डोकं पुढे केलं. फाटकातून चौकातला त्याची पेटी घेऊन आत आला. “आता चालेल ना?” त्याने आजोबांना विचारलं. आजोबा थोडे सरकले, सावलीत त्याला जागा करून दिली.

तिघांनी मिळून तेवीस डोकी पुरी केली. लंबू शेवटी, माझ्यापुढे. मी डावऱ्याची उलटी कातर आणली होती. डाव्या हाताने करून बघितलं. माझ्या हाताला ती वळेना. मग माझीच कातर घेतली. उजवी बाजू बारीक केली, कानाभोवती कड काढली, आणि मागची रेघ त्याची जिथे थांबली होती तिथून पुढे नेली. त्याची बाजू चढलेली होती. माझी मी खालीच ठेवली, म्हणजे ती चढलेली दिसेल.

आजोबा मागून बघत होते. “वाकडी आली.”

“रेघ सरळ आहे बाबा,” मी म्हटलं. “मान वाकडी आहे.”

लंबूचे खांदे हलायला लागले. हसत होता की रडत होता ते मी वाकून बघितलं नाही. मी त्याच्या मानेवरचे केस झटकले आणि तो ट्रकमध्ये चढला. मागून सगळ्यांच्या माना दिसत होत्या, वळणापर्यंत. त्यांतले किती परत येतील ते मला माहीत नाही. त्यांना न्यायला ट्रक येतात, आणायला तेवढे येत नाहीत, हेही मी तुला लिहून ठेवते.

भिंतीवर आता मामाचं नाव आहे. बाकीच्यांपुढे ‘लढताना’, त्याच्यापुढे ती सगळी लांबलचक ओळ. रंगाऱ्याला शेवटी अक्षरं बारीक करावी लागली. शाळेतली मुलं ती वाचून हसतात, मग आपल्याच मानेवरून हात फिरवत पुढे जातात.

तुझे केस आता डोळ्यांवर यायला लागलेत. मी कापडाच्या चिंधीने वर बांधते, तू ती ओढून काढतेस. त्याने कापलेली बट केव्हाच बाकीच्यांइतकी वाढली. कोणती ती, मलाही ओळखता येत नाही. काल चौकातला चहाला आला होता. तुला उचलून म्हणाला, “किती वाढवणार पोरीचे? दे, दोन मिनिटांत कापतो.”

“तिचं कोणीतरी सुरू केलंय,” आजोबा म्हणाले.

त्याने तुला लगेच खाली ठेवलं. मग चहा पिताना दबकत मला विचारलं, लंबूचे केले, मग हिचे का नाही?

लंबूला परत जायचं होतं, मी म्हटलं. तिला कुठल्या साहेबाच्या पाहणीला उभं राहायचं नाहीये. वाढू देत.